डावं मागचं चाक

४ जानेवारी

छोटे,

फोनवर बोलायला लागलो की तू रडतेस, मी ओरडते आणि मुद्दा राहतो बाजूला. म्हणून आता लिहायचंच. इथे कटिंग हॉलमध्ये जेवणाची सुट्टी चालू आहे. शाळेच्या गणवेशांच्या कापडाचा ढीग समोर आहे, त्यावरच कागद ठेवून लिहितेय. अक्षराला नावं ठेवू नकोस.

विषय एकच, बाबा. गॅरेज बंद केल्यापासून त्यांचा फोन आला की मी हातातलं काम टाकून उचलते. परवा म्हणाले, "आज खिडकीतून गाड्या मोजल्या." बस, एवढंच. नुसता आवाज ऐकून गाडीचं दुखणं सांगणाऱ्या माणसाने खिडकीत बसून गाड्या मोजायच्या? हात थरथरतात, मान्य. डॉक्टर म्हणाले हे वाढतच जाणार, तेही मान्य. पण त्यांना असंच बसवून ठेवलंस तर हात राहतील आणि माणूस जाईल.

तू मोटारींच्या दर रॅलीला आपल्या दादाच्या गाडीमागे जातेस. पगार ना पाणी. एका टी-शर्टवर आणि दुपारच्या जेवणावर तुम्ही सगळे दोन दिवस धुळीत लोळता. मी हसते तुम्हाला, पण परत येतेस तेव्हा तुझा चेहरा कसा असतो तेही मी बघितलंय. या वेळी बाबांना ने. बघे म्हणून नको, कामाला ने. दादा आढेवेढे घेईल, त्याला गाडीपुढे दुसरं काही दिसत नाही. तू हट्ट धर.

ताई


२९ जानेवारी

ताई,

नेलं. आणि तुझंच खरं ठरलं. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

तू कधी आलीच नाहीस, म्हणून नीट सांगते. रॅलीत गाड्या एकत्र पळत नाहीत. डोंगरातला रस्ता बंद करतात आणि एकेक गाडी सोडतात. ज्याला वेळ कमी लागला तो पुढे. दादा चालवतो. शेजारी मास्तर बसतात. ते खरंच शाळेत भूगोल शिकवतात, म्हणून मास्तर. पुढचं वळण कसं आहे ते वहीतून मोठ्याने वाचत राहतात, आणि दादा रस्त्यापेक्षा त्यांच्या आवाजावर जास्त भरवसा ठेवून गाडी दामटतो. दोन-तीन टप्पे झाले की गाडी मैदानात आमच्याकडे येते. ताडपत्रीवर आम्ही तयारच असतो. वेळ इतका तुटपुंजा की गाडी पुरती थांबायच्या आत जॅक खाली सरकवायचा. चारी चाकं काढायची, ब्रेक बघायचे, खालून काही गळतंय का ते बघायचं, चाकं परत चढवायची, नट आवळायचे, की गाडी चालली!

चाकं वाटून दिलेली असतात, एका माणसाला एक. लांब्यानेच विचारलं, "काका, तुम्ही कुठलं घेता?" लांब्या आठवतो ना? बाबांच्या हाताखाली काम शिकलेला, आपल्या दारातून वाकून आत येतो तो. बाबा म्हणाले, "डावं मागचं." जसं काही त्या चाकाचा सातबारा त्यांच्या नावावर आहे!

ताई, बाबा पळाले. आपले बाबा! स्वयंपाकघरापर्यंत जायचं तर भिंत धरणारा माणूस चाक घेऊन पळाला. मास्तर हेल्मेटमधूनच ओरडले, "काका, तुम्ही आहात म्हटल्यावर मी निवांत!" बाबांनी 'निघा, निघा' म्हणून हात केला. हात लटपटत होता, पण चेहरा तू बघायला हवा होतास. दुपारी मास्तरांनी आपल्या डब्यातलं अर्धं बाबांच्या ताटात वाढलं आणि दोघं कशावर तरी ठसका लागेपर्यंत हसले.

आता दुसरी गोष्ट. नट शेवटी एका खास पान्याने आवळतात. पुरेसा दाब बसला की तो पाना 'टक्' असा वाजतो. बाबा त्याला हात लावत नाहीत. म्हणतात, "माझं मनगटच टक् करतं." इतकी वर्षं करतही होतं. पण पहिल्या खेपेला ते बाजूला झाल्यावर मी गुपचूप पाना लावून बघितला, तर दोन नट फिरले. आवळले. मग प्रत्येक खेपेला त्यांच्यामागून आवळत गेले. कुणाला कळलं नाही. पुढेही असंच करीन, म्हणजे त्यांचं मन राहील आणि गाडीही. बरोबर ना?

छोटी


८ फेब्रुवारी

छोटे,

बरोबर नाही. आणि कुणाला कळलं नाही, हे तर मुळीच खरं नाही. काल बाबांचा फोन आला. म्हणाले, "पोरगी माझ्यामागून पाना फिरवते. सगळ्यांच्या देखत. मग मला नेलं कशाला? हातात खुळखुळा द्यायचा होता." आणि मग ते रडले, छोटे. आई गेली तेव्हासुद्धा आपल्यासमोर रडले नव्हते. मी हॉलमध्ये कात्री हातात धरून उभी, आणि सगळ्या बायका माझ्याकडे बघतायत.

नट जरा फिरला म्हणून काय आभाळ कोसळलं? तू स्वतः किती आवळतेस ते ठाऊक आहे मला. तू लावलेली डब्याची झाकणं मला उघडत नाहीत. बाबांचा जन्म गेला या धंद्यात. पोरीचाच आपल्यावर भरवसा उरला नाही असं एकदा वाटलं, तर ते पुन्हा त्या खिडकीत जाऊन बसतील आणि या वेळी उठायचे नाहीत. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला, त्यांच्यामागून चाकाला हात लावायचा नाही. तसं लिहून पाठव.

ताई


१७ फेब्रुवारी

ताई,

लिहून पाठवते. हात लावणार नाही.

त्यांना म्हणून बघितलं, "बाबा, या वेळी तुम्ही घड्याळ घेऊन उभे राहा आणि आमच्यावर ओरडा, ते कुणाला जमत नाही." दिवसभर अबोला धरला. दादाकडे विषय काढला तर म्हणाला, "तुम्ही बहिणींनी आणलंय, तुम्हीच निस्तरा." लांब्याला सांगणार होते, पण बाबांबद्दल त्याच्यापाशी असं बोलायला जीभ रेटेना.

मार्चच्या रॅलीसाठी बाबांनी नवे हातमोजे आणलेत. घरातही घालून बसतात.

छोटी


२ एप्रिल

ताई,

तू इथे होतीस तेव्हा घर माणसांनी भरलेलं. आपण दोघी कुठे उभ्या राहिलो की कुणीतरी पाणी मागायला यायचंच. जाताना गाडीच्या दारात तू विचारलंस, "नक्की झालं काय?" आणि मी म्हणाले, "दगड लागला असेल."

दगड नव्हता.

शेवटच्या टप्प्याआधी गाडी आली. आधीच उशीर झाला होता, दादा आतून स्टिअरिंगवर हात आपटत होता. हातमोज्यांत बाबांना नट धरता येईनात, म्हणून त्यांनी ते काढून टाकले. एक नट हातातून निसटून ताडपत्रीवर घरंगळला. तो मीच उचलून दिला. लांब्या पुढून ओरडला, "झालं?" एकेकाने "झालं" म्हटलं. मी बाबांकडे बघितलं. त्यांना धाप लागली होती. म्हणाले, "झालं." पाना माझ्या हातात होता, ताई. मी वाकलेसुद्धा. बाबांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी सरळ उभी राहिले. गाडी गेली.

पुढचं तुला ठाऊक आहे. उतारावरचं वळण, खाली झाड आणि त्यावर आदळलेली गाडीची मास्तरांची बाजू. दादाची मांडी मोडली. मास्तर जागच्या जागी गेले.

जे ठाऊक नाही ते असं. गाडी वर ओढून काढायच्या आधी मी आणि लांब्या खाली उतरलो होतो. डावं मागचं चाक जागेवर नव्हतं. ते पार वर, रस्त्याच्या कडेला गवतात पडलेलं, साधा ओरखडाही नाही. चाक ज्या बोल्टांवर बसतं त्यांचे आटे जसेच्या तसे. दगडाने चाक उडालं असतं तर बोल्ट तुटले असते. नट आपसूक फिरत फिरत निघून गेले होते. लांब्याने आट्यांवरून बोट फिरवलं, बोट पँटला पुसलं आणि चढ चढायला लागला. नंतर क्रेनने ओढताना ती बाजू पार चेपली. तपासणारे आले, त्यांनी लिहिलं, कारण निश्चित सांगता येत नाही.

बाबा रोज विचारतात, "डावं मागचं माझंच होतं ना गं?" मी काहीतरी काम काढून तिथून उठते. पण किती दिवस उठणार? काय सांगू त्यांना?

छोटी


७ एप्रिल

छोटे,

तुझं पत्र वाचलं आणि फाडलं. हे तूही फाड.

सगळं लिहिलंस, पण शपथेचा उल्लेख टाळलास. तो उपकार समजायचा की शिक्षा, मला ठरवता येत नाही.

ऐक. मास्तर परत येणार नाहीत. बाबा अजून आहेत. त्यांना हे खरं कळलं तर ते एक महिना काढायचे नाहीत. म्हणून त्यांना सांग, त्या दिवशी चाकांची अदलाबदल झाली होती. डावं मागचं लांब्याने घेतलं आणि तुम्ही पुढचं. सकाळचं औषध घेतलं की नाही हे त्यांना दुपारी आठवत नाही. पटेल त्यांना. लांब्या काही विचारायला यायचा नाही, आणि आलाच तर बाबांवर त्याचा जीव आहे, समजून घेईल. झाकली मूठ झाकलेलीच राहू दे.

ताई


१९ एप्रिल

ताई,

सांगितलं.

बाबा म्हणाले, "नाही गं. मी हातमोजे काढून त्या मागच्या चाकापाशीच टाकले होते."

"पुढच्या चाकापाशी, बाबा."

"पुढच्या?"

"हो. मागचं लांब्याकडे होतं."

ते पलंगाच्या काठावर बसले आणि दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. मग म्हणाले, "मग मला सारखं मागचंच का दिसतं?"

मी म्हटलं, झोप होत नाही ना नीट, म्हणून. ताई, मी इतक्या सफाईने बोलले की मला माझीच भीती वाटली.

दादाला भेटून आले. पाय वर टांगलेला, दाढी वाढलेली. मी तोंड उघडायच्या आतच म्हणाला, "जे काय असेल ते मला सांगू नकोस. मला अजून चालायला शिकायचंय." मग भिंतीकडे तोंड केलं. त्याला सगळं ठाऊक आहे असं मला वाटतं. फक्त ते कुणी मोठ्याने म्हणायला नको आहे.

लांब्या त्या दिवसापासून आलेला नाही. ट्रकच्या डेपोत कामाला लागलाय म्हणे.

छोटी


२ मे

छोटे,

बाबांनी परवा मास्तरांच्या घरी फोन लावला होता, तुला पत्ताही नाही. वहिनींनी उचलला. बाबा भलतंच काहीतरी बोलायला लागले म्हणून घाबरून त्यांनी मला फोन केला. मी सांगून टाकलं, की बाबांचं मन आता ठिकाणावर नाही, जगातलं सगळं वाईट ते स्वतःच्या अंगावर घेतात, शेजारची भिंत पडली तरी म्हणतील मीच पाडली. बिचाऱ्या वहिनी! स्वतःचा नवरा गेलेला, आणि रडल्या बाबांसाठी. "काकांना जपा," म्हणाल्या. डॉक्टरांनाही मी तसंच कळवलंय, त्यांनी गोळी वाढवून दिलीय. ती वेळेवर देत जा.

आपण कुणाचं वाईट केलेलं नाही, छोटे. फक्त आपल्या माणसाला सांभाळतोय.

ताई


२१ मे

ताई,

काल सकाळी बाबा घरात नव्हते. इस्त्रीचा शर्ट नव्हता, चांगले बूट नव्हते. मी रस्त्यावर शोधत फिरत होते, तेवढ्यात वहिनींचा फोन आला, "काका इथे आलेत."

मी पोचले तेव्हा बाबा त्यांच्या बैठकीच्या खोलीत खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. कोपऱ्यात मास्तरांच्या नकाशांच्या गुंडाळ्या उभ्या, त्यांवर धूळ बसायला लागलेली. बाबा म्हणत होते, "मी मारलं त्याला. माझे नट सैल राहिले. मला ते तुम्हाला तोंडावर सांगायचं होतं."

वहिनी त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि त्यांचे दोन्ही हात हातांत घेतले. "काका, किती लावून घेताय मनाला! ताईंनी सांगितलंय मला सगळं."

"ताईने काय सांगितलं?"

वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या. बाबाही वळले. म्हणाले, "पोरी, तू होतीस ना तिथे? तू सांग यांना. माझं कुणी ऐकत नाही."

ताई, दोघंही माझ्याकडे बघत होते. एका वाक्याचं काम होतं. मी म्हटलं, "बाबा, घरी चला."

वहिनींनी त्यांना पाणी दिलं, उठताना आधार दिला, चपलांच्या गर्दीतून त्यांचे बूट काढून समोर ठेवले. मी रिक्षा केली. घराच्या वळणावर बाबा म्हणाले, "तिने मला शिव्या द्यायला हव्या होत्या."

तो माणूस चांगले कपडे घालून शिक्षा मागायला गेला होता, आणि आपण त्याला वेडा ठरवून परत आणला. मला हे सगळं मागे घ्यायचंय. तू ये. दोघी मिळून सांगू. आधी वहिनींना, मग बाबांना. मला एकटीला झेपणार नाही.

छोटी


२८ मे

छोटे,

मी येणार नाही.

वहिनींनी विश्वास ठेवला नाही, सुंठेवाचून खोकला गेला. तो आता तू ओढून आणू नकोस. खरं सांगून काय देणार आहेस त्यांना? नवरा? आज निदान बाबांकडे बघून त्यांना माया येते. उद्या तेही नसेल.

एकदाच लिहिते आणि पुन्हा लिहिणार नाही. शपथ मी घातली होती. रोज कापडावर कात्री चालवताना मला तेच आठवतं. काल कापडाचा अख्खा तागा वाकडा कापला, सगळा माल वाया गेला. आता यावर मला एक ओळही पाठवू नकोस. पाठवलीस तर मी वाचणार नाही.

ताई


१४ सप्टेंबर

ताई,

वाचणार नाहीस म्हणालीस, तरी लिहिते. दुसरं कोण आहे मला?

बाबांनी विचारायचं सोडून दिलंय. पावसाळ्याच्या सुमाराला हळूहळू थांबलं. आधी म्हणायचे, "लांब्याचं होतं का गं?" मग म्हणायला लागले, "लांब्याचंच होतं." आता नीट जेवतात, झोपतात. येईल त्याला सांगतात, दूधवाल्यालाही, की मी शिकवलेल्या पोराने निष्काळजीपणा केला आणि सोन्यासारखा माणूस घालवला. इतकं बारकाईने सांगतात की मलासुद्धा लांब्या त्या चाकापाशी वाकलेला दिसतो.

रविवारी लांब्या आला. दारातून वाकून, हातात सफरचंदांची पिशवी घेऊन. खूप वाळलाय. "काका, कसे आहात?" म्हणून तो पाया पडायला वाकला, तर बाबांनी पाय मागे घेतले.

"तू माझ्या दारात कोणत्या तोंडाने आलास?"

लांब्या तसाच वाकलेला राहिला.

"माणूस गेला तुझ्या हातून. डावं मागचं तुझं होतं. मी तुला हे शिकवलं होतं? असं शिकवलं होतं?" बाबा थरथर कापत होते, पण आवाज जुना होता, गॅरेजमधला. कितीतरी दिवसांनी ऐकला मी तो.

लांब्या हळूच सरळ झाला आणि त्याने माझ्याकडे बघितलं. मी काय केलंय ते त्याला तेवढ्यात कळलं, ताई. रागावला नाही. थांबला फक्त, मी काही बोलते का ते बघत. मी पदराशी चाळा करत राहिले.

मग तो म्हणाला, "चुकलं, काका." पिशवी खुर्चीवर ठेवली आणि गेला.

मी रस्त्यापर्यंत धावत गेले. "का म्हणालास असं? तुला ठाऊक आहे ना खरं?"

"त्यांना पटलंय ना? मग राहू दे," तो म्हणाला. "मला त्यांनी पोटच्या पोरासारखं वागवलं. एवढं चालेल." मग म्हणाला, "डेपोत कुणीतरी ही गोष्ट पोचवली. चाकांना हात लावू देत नाहीत मला आता. ट्रक धुवायला ठेवलंय. मी आज काकांना तेच विचारायला आलो होतो, की साहेबांना दोन शब्द सांगाल का माझ्याबद्दल." मला म्हणाला, "तू आत जा, ते एकटे आहेत."

मी वर आले. बाबांसमोर बसले आणि सांगितलं. सगळं सांगितलं, ताई. चाक तुमचं होतं, नट तुमचे होते, मला दिसत होतं आणि मी तपासलं नाही, लांब्याचा काही संबंध नाही, आम्ही दोघी तुमच्याशी खोटं बोललो. थांबले नाही कुठेही.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "तुझा जीव आहे त्याच्यावर, लहानपणापासून. म्हणून त्याला पाठीशी घालतेस. पण त्याने आत्ता स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, तू इथेच उभी होतीस."

"बाबा, मी खरं सांगतेय."

"बरं बरं," ते म्हणाले. अगदी वहिनी त्यांच्याशी बोलल्या होत्या तसे, मायेने.

मग त्यांनी वाढायला सांगितलं. पोटभर जेवले. हात धुताना खुर्चीवरच्या पिशवीकडे त्यांचं लक्ष गेलं. म्हणाले, "ते बाहेर टाकून ये. त्याच्या हातचं काही नको या घरात."

मी टाकून आले.

छोटी